हजरत बिलाल (रजि.) : आवाजाची अमानत



आपल्या घरात कदाचित असा एखादा मुलगा असेल, ज्याचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटू लागला आहे. कालपर्यंत तो मकतबात खड्या आवाजात सबक म्हणत असे. आज मौलानांनी अजान देण्यास सांगितले की तो मित्राच्या पाठीमागे दडतो. कदाचित अशी एखादी मुलगी असेल, जी एकटी असताना कुरआन सुरेख वाचते, परंतु घरात पाहुणे आले की तिचे शब्द ओठांच्या आतच राहतात. कदाचित आपण स्वतःच मोबाईलवर ध्वनिमुद्रित झालेला आपला आवाज ऐकून दचकला असाल आणि हा आपला नव्हेच, असे म्हणून तो पुसून टाकला असेल.

या दचकण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेची, दुसरी कवटीच्या हाडांची. हाडांतून खालचे, भरदार स्वर अधिक पोहोचतात. म्हणून आपला आवाज आपल्याला प्रत्यक्षापेक्षा भारदस्त वाटतो. ध्वनिमुद्रणात ही दुसरी वाट नसते आणि तो आवाज परका भासतो. इतरांनी मात्र आपल्याला कायम तसेच ऐकलेले असते आणि तसेच आपले मानलेले असते.

परंतु आवाजाची खरी लाज कानातून येत नाही. ती दुसऱ्याच्या हसण्यातून येते. उच्चारावर कोणी हसले, भाषेवर कोणी नाक मुरडले, रंगावरून आणि घराण्यावरून कोणी तोलले, की माणूस प्रथम आपला आवाज आखडून घेतो. या बाबतीत आपल्याला ज्या जीवनाकडे पाहायचे आहे ते इस्लामच्या पहिल्या मुअज्जिनचे, हजरत बिलाल बिन रबाह (रजि.) यांचे जीवन होय. त्यांचे नाव आपल्या घराघरात आहे. तरीही त्यांच्या आवाजाविषयी आपण जे सांगतो त्यातील काही गोष्टी त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या आहेत. म्हणून हे चरित्र पुन्हा एकदा शांतपणे वाचावे, अशी विनंती आहे.

एकाच शब्दाचा आवाज

हजरत बिलाल मूळचे हबशी वंशाचे. त्यांच्या वडिलांचे नाव रबाह आणि आईचे हमामा. मक्केतील बनू जुमह या घराण्यात ते गुलाम होते. त्या समाजात गुलामाला आवाज असे, पण त्याचा उपयोग हुकुमाला होकार देण्यापुरताच. स्वतःचे मत, स्वतःची श्रद्धा, स्वतःचा नकार उच्चारण्याचा अधिकार त्याला नव्हता.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे आवाहन त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि त्यांनी ईमान स्वीकारले. ज्यांनी अगदी सुरुवातीला आपला इस्लाम उघडपणे जाहीर केला त्या सात जणांत हजरत बिलाल यांची गणना होते. त्या सातांपैकी काहींच्या पाठीशी कुळ होते, नातेवाईक होते. बिलाल यांच्या पाठीशी कोणीही नव्हते. उमय्या बिन खलफ त्यांना भर दुपारी मक्केच्या तापलेल्या वाळूवर उताणे झोपवी आणि छातीवर मोठा दगड ठेववी. त्यांना दोरीने बांधून गावातील पोरांच्या हाती दिले जाई आणि ती पोरे त्यांना मक्केच्या वाटांवरून ओढत नेत.

अशा वेळी त्यांच्या मुखातून एकच शब्द बाहेर पडे : अहद. म्हणजे एक, केवळ एक. वाचकहो, छातीवर दगड असताना माणसाला लांब श्वास घेता येत नाही, मोठे वाक्य बोलता येत नाही. जेवढा श्वास उरला होता तेवढ्यात मावणारा हा शब्द होता. त्यात सुरावट नव्हती, लयही नव्हती. आणि ऐकणारे दाद देणारे नव्हते, हसणारे होते. हजरत बिलाल यांचा आवाज इतिहासात प्रथम ऐकू येतो तो असा. पुढे ज्या आवाजाने मदीनेची पहाट उजाडणार होती, तो असा उपहासाच्या मधोमध घडला होता. ऐकणाऱ्यांची पसंती ज्याच्या बोलण्याचा आधार नसते, त्याला त्यांच्या नापसंतीने गप्प करता येत नाही.

अखेर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना विकत घेतले आणि अल्लाहखातर मुक्त केले. हजरत उमर (रजि.) पुढे म्हणत की अबू बक्र आमचे सरदार आहेत आणि त्यांनी आमच्या सरदाराला मुक्त केले. काल ज्यांना पोरे दोरीने ओढत होती, त्यांना कुरैशमधील मातब्बर पुरुष आपला सरदार म्हणू लागला.

निवड कशी झाली

हिजरतनंतर मदीनेत मुसलमानांची संख्या वाढू लागली. नमाजची वेळ झाली की लोकांना एकत्र कसे बोलवावे, हा प्रश्न पुढे आला. कोणी घंटेसारखे वाद्य सुचवले, कोणी शिंग, कोणी उंचावर आग पेटवण्याचा उपाय सांगितला. त्याच सुमारास अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) या अन्सारी सहाबींना स्वप्नात अजानचे शब्द शिकवले गेले. त्यांनी ते प्रेषितांना (सल्ल.) सांगितले. हे स्वप्न सत्य असल्याचे प्रेषितांनी सांगितले आणि त्यांना आज्ञा केली की त्यांनी बिलाल यांच्याशेजारी उभे राहून ते शब्द एकेक करून सांगावेत आणि बिलाल यांनी ते पुकारावेत. कारण बिलाल यांचा आवाज अधिक दूरवर पोहोचणारा आणि अधिक मधुर होता. तो पुकारा ऐकून हजरत उमर आपली चादर सावरत घराबाहेर आले आणि आपणही असेच स्वप्न पाहिल्याचे त्यांनी सांगितले.

येथे क्षणभर थांबावे. स्वप्न एकाला पडले, काम दुसऱ्याला मिळाले. अब्दुल्लाह बिन जैद यांना ज्ञान दिले गेले होते, बिलाल यांना कंठ. पहिल्याने हेवा केला नाही, दुसऱ्याने शिकण्यात कमीपणा मानला नाही. ज्यांचा आवाज मदीनेत सर्वांत चांगला होता, तेसुद्धा पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या मुखातून एकेक शब्द ऐकून तो म्हणत होते. आवाज ही जन्माने मिळणारी देणगी खरी. पण ती कामी येते ती शिकल्यानंतरच. आपल्या मदरशांत आजही कुरआन असाच शिकवला जातो. उस्ताद म्हणतात, शागिर्द ऐकतो, पुन्हा म्हणतो, चुकतो, सुधारतो. नुसत्या कानावर पडलेल्या ध्वनिमुद्रणाने हे काम पुरे होत नाही, कारण मोबाईल शागिर्दाचे ऐकत नाही.

छतावरची पहाट

मदीनेच्या मशिदीला तेव्हा मीनार नव्हता. मशिदीजवळ बनू नज्जारमधील एका स्त्रीचे घर त्या भागात सर्वांत उंच होते. हजरत बिलाल त्या घराच्या छतावरून फजरची अजान देत. त्या बाईंनी सांगितलेली हकिकत हदीसमध्ये आली आहे. बिलाल रात्रीच्या शेवटच्या प्रहरी येत, छतावर बसून पहाटेची वाट पाहत. उजेडाची पहिली रेघ दिसली की ते अंग ताणून उभे राहत, अल्लाहची स्तुती करत आणि कुरैशसाठी दुआ मागत, की त्यांच्या हातून अल्लाहच्या दीनची उभारणी व्हावी. मग अजान देत. एकाही रात्री त्यांनी ही दुआ सोडल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्या बाई शपथेवर सांगत.

ज्या कुरैशने त्यांच्या छातीवर दगड ठेवला, त्याच कुरैशसाठी ही दुआ होती. बद्रच्या रणांगणावर उमय्याला पाहून याच कंठाने अन्सारांना त्वेषाने हाक दिली होती आणि उमय्या तेथेच मारला गेला होता. युद्धाच्या दिवशी जो राग न्यायाचा होता तो त्यांनी छतावर नेला नाही. तुम्ही कधी रागावलेल्या माणसाची तिलावत ऐकली असेल, तर मनातील गाठ गळ्यात कशी उतरते हे तुम्हाला ठाऊक असेल. हजरत बिलाल अजानपूर्वी घसा साफ करण्याच्या आधी मन साफ करत होते.

त्यांची पद्धतही सहाबांनी जपून सांगितली आहे. अजान देताना ते कानांत बोटे घालत आणि नमाजकडे व साफल्याकडे बोलावणारे शब्द उच्चारताना चेहरा उजवीकडे व डावीकडे वळवत, जेणेकरून हाक दोन्ही दिशांना जावी. अजान संथपणे, शब्दाशब्दात थांबत द्यावी आणि इकामत त्या मानाने लवकर म्हणावी, असे फुकहांनी सांगितले आहे. फजरच्या अजानमध्ये झोपेपेक्षा नमाज श्रेष्ठ असल्याचे जे वाक्य आपण ऐकतो, ते प्रथम हजरत बिलाल यांच्या मुखी आले आणि प्रेषितांनी (सल्ल.) ते कायम ठेवले, अशी रिवायत आहे. नमाजची वेळ झाली की प्रेषित (सल्ल.) त्यांना सांगत की उठून नमाजची हाक द्यावी आणि तिच्याद्वारे आम्हाला विसावा द्यावा. एखाद्या आवाजाची याहून मोठी प्रशंसा कोणती असू शकते? त्या आवाजाने लोक दिपून जावेत अशी अपेक्षा नव्हती. त्याने विसावा मिळत होता.

एका गैरसमजाविषयी

आता ज्या गोष्टीचा वर उल्लेख केला तिच्याकडे येऊ. आपल्या वाज-मजलिशींत एक कथा फार प्रेमाने सांगितली जाते. हजरत बिलाल यांना शीन हा वर्ण उच्चारता येत नसे, ते त्याऐवजी सीन म्हणत. लोकांनी तक्रार केली म्हणून त्यांना अजानपासून दूर केले गेले, तेव्हा सूर्यच उगवेना. आणि बिलाल यांचा सीन अल्लाहपाशी शीनच आहे, असे सांगितले गेले. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. परंतु इब्ने कसीर आणि सखावी यांच्यासारख्या हदीसच्या जाणकारांनी या सीन-शीनच्या कथनाला कोणताही आधार नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. उलट हजरत बिलाल हे अत्यंत स्पष्ट आणि शुद्ध उच्चाराचे होते, असेच इब्ने कसीर सांगतात. आणि विचार केला तर हे उघड आहे. सारी मदीना समोर असताना ज्यांची निवड त्यांच्या आवाजाच्या गुणावर झाली, त्यांच्याच उच्चारात दोष होता असे कसे मानावे?

ही कथा सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण तिच्यामुळे दोन नुकसाने होतात. पहिले हे की, हबशी वंशाच्या सहाबीच्या जिभेत काही तरी उणे असणारच, हा समज आपण नकळत पुढे नेतो. अल्लाहने तर माणसांच्या भाषांची आणि रंगांची विविधता आपल्या निशाण्यांमध्ये गणली आहे. दुसरे हे की, भावना चांगली असली की उच्चार कसाही चालेल, असा सोयीचा अर्थ आपण तिच्यातून काढतो आणि शिकण्याचे कष्ट टाळतो.

याचा अर्थ अडखळणाऱ्याला तुच्छ लेखावे असा मुळीच नाही. जो कुरआन वाचताना अडखळतो आणि तरीही कष्टाने वाचत राहतो, त्याला दुहेरी मोबदला आहे, अशी शुभवार्ता सहीह हदीसमध्ये आली आहे. हजरत मूसा (अलै.) यांनी आपल्या जिभेची गाठ सुटावी म्हणून अल्लाहकडे मागणे मागितले. अडखळणे हा गुन्हा नाही, आणि सुधारण्याची इच्छा धरणे हा नाशुक्रेपणा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपण मात्र अडखळणाऱ्यावर हसतो, त्याने वाचणे सोडले की मग त्याला सीन-शीनची गोष्ट सांगून समजूत घालतो. त्यापेक्षा हसू नये आणि शिकवावे, हे अधिक बरे.

आपण मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी हे विशेषत्वाने ध्यानी घ्यावे. आपली मुले घरात मराठी, कोकणी किंवा दखनी बोलतात आणि मकतबात अरबी वर्ण शिकतात. कोणी त्यांच्या उच्चारांना गावठी म्हणून हसले की ती खचतात. त्यांना सांगा की कोणतीही मातृभाषा जिभेचा दोष नसते. मराठीने आपल्या जिभेला ळ दिला आहे, जो अरबीत नाही. जमीन आणि जहाज या शब्दांतील ज आपण जीवन या शब्दातील ज पेक्षा वेगळा उच्चारतो, म्हणजे एकाच अक्षराचे दोन ध्वनी ओळखण्याची सवय आपल्या कानाला उपजत आहे. ऐन, काफ, ज्वाद हे वर्ण तेवढे नव्याने कमवावे लागतात. तज्वीदच्या विद्वानांनी वर्णांची सतरा उगमस्थाने सांगितली आहेत. प्रत्येक वर्ण कंठातून, जिभेच्या कोणत्या भागातून वा ओठांतून निघतो हे कळले की अर्धी भीती जाते.

काबागृहावर आणि मक्केच्या वाटेवर

हिजरी ८ मध्ये मक्का जिंकली गेली. प्रेषितांच्या (सल्ल.) आज्ञेने हजरत बिलाल काबागृहाच्या छतावर चढले आणि त्यांनी अजान दिली. ज्या गावाच्या वाटांवर एक शब्द उच्चारल्याबद्दल त्यांना ओढत नेले होते, त्या गावाने आता पूर्ण अजान ऐकली. कुरैशच्या काही जणांना हे रुचले नाही आणि त्यांनी बिलाल यांच्या रंगावरून हिणकस उद्गार काढले, अशी नोंद ग्रंथांत आहे. सर्व माणसे एका पुरुष व एका स्त्रीपासून निर्माण झाली असून सर्वाधिक ईशभीरू तोच अल्लाहपाशी सर्वाधिक सन्माननीय, या आयतीचा संबंध काही मुफस्सिरांनी याच प्रसंगाशी जोडला आहे.

त्याच काळात, हुनैनहून परतताना, काही तरुणांनी वाटेत मुसलमानांची अजान ऐकली आणि तिची नक्कल करून थट्टा चालवली. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना बोलावले. त्यांच्यातील अबू महजूरा नावाच्या तरुणाचा आवाज त्यांना विशेष आवडला होता. त्याला शिक्षा झाली नाही. प्रेषितांनी स्वतः त्याला अजानचे शब्द शिकवले, त्याच्या अंगावरून मायेने हात फिरवला, चांदी असलेली एक थैली दिली, त्याच्यासाठी बरकतची दुआ केली आणि मक्केत अजान देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. थट्टेच्या आवाजातही गुण ओळखता येतो, हे यावरून कळते. मशिदीत गडबड करणाऱ्या मुलाला दाराबाहेर काढण्यापूर्वी त्याचा आवाज एकदा ऐकून पाहावा.

आवाज थांबला तेव्हा

हिजरी ११ मध्ये प्रेषितांचे (सल्ल.) निधन झाले. हजरत बिलाल यांचे मन मदीनेत रमेना. त्यांनी हजरत अबू बक्र यांना विनवले की आपण मला स्वतःसाठी विकत घेतले असेल तर ठेवून घ्यावे, अल्लाहसाठी घेतले असेल तर अल्लाहच्या कामासाठी मोकळे करावे. पुढे ते शामला गेले. अजान देणे त्यांनी थांबवले होते. हजरत उमर शामच्या दौऱ्यावर आले तेव्हा लोकांच्या आग्रहावरून त्यांनी एकदा अजान दिली आणि ऐकणारे सहाबा असे रडले की तसे रडणे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते, असे इतिहासकार लिहितात. हिजरी २० च्या सुमारास दमिश्कमध्ये त्यांचे निधन झाले. तेथील बाबुस्सगीर या कब्रस्तानात ते विसावले आहेत, असे बहुतेकांचे मत आहे.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली आहे. प्रेषितांनी (सल्ल.) एकदा फजरच्या वेळी बिलाल यांना विचारले होते की तुमचे असे कोणते कर्म आहे, ज्यामुळे मी स्वर्गात तुमच्या पादत्राणांचा आवाज माझ्यापुढे ऐकला? उत्तरात त्यांनी अजानचा उल्लेख केला नाही. दिवसा वा रात्री जेव्हा जेव्हा वुजू केला, तेव्हा तेव्हा त्या वुजूने जमेल तेवढी नमाज पढली, एवढेच त्यांनी सांगितले. साऱ्या मदीनेने ज्यांचा कंठ ऐकला, त्यांची पावले स्वर्गात ऐकू आली ती कोणाच्याही कानी न पडणाऱ्या एका कर्मामुळे.

आपल्यासाठी काय

म्हणून वाचकहो, आपल्या आवाजाशी सलोखा करायचा असेल तर प्रथम एवढे ठरवावे की तो कोणासाठी उमटतो. त्यानंतर कष्ट करावेत. फजरनंतर रोज दहा मिनिटे मोठ्याने, संथपणे तिलावत करावी. श्वास छातीच्या वरच्या भागात न कोंडता पोटापर्यंत खोल घ्यावा आणि एका श्वासात मावेल तेवढेच म्हणावे. गळा ताणू नये. लुकमानांनी आपल्या मुलाला आवाज मृदू ठेवण्याचीच शिकवण दिली होती, आणि आज ध्वनिक्षेपक असताना मुअज्जिनने ओरडण्याचे कारणही उरलेले नाही. ज्याचा आवाज फुटत आहे त्याने उंच पट्टीचा हट्ट धरू नये. स्वरतंतू वाढत असतात, काही काळाने आवाज स्थिरावतो. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

सुरावटीच्या मोहापासूनही जपावे. प्रसिद्ध कारींची हुबेहूब नक्कल करताना अनेकदा वर्ण भलत्याच ठिकाणी ताणले जातात. तकबीरमधील अकबर या शब्दाचा ब लांबवला तर अर्थ बदलून ढोल असा होतो. अल्लाह या नावाचा आरंभीचा स्वर ताणला तर विधानाचा प्रश्न होतो. फुकहांनी याविषयी सावध केले आहे. साधा, पण शुद्ध आवाज हा सजवलेल्या, पण चुकलेल्या आवाजापेक्षा कितीतरी चांगला.

आणि पालकांनो, घरात मुलगा अजानचा सराव करू लागला किंवा मुलगी सर्वांसमोर एखादी सूरह वाचू लागली, तर हसू आवरा. तिचे वाचणे पूर्ण ऐका, मग प्रेमाने एकच चूक दाखवा. दुसरी उद्या दाखवता येईल.

अल्लाह आपल्याला आपल्या जिभेची अमानत ओळखण्याची, ती शिकून शुद्ध करण्याची आणि दुसऱ्याच्या जिभेवर न हसण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.